कुठल्या नावानं हाक मारू?

आमच्या हॉस्पिटलात पित्ताशय काढून गेलेले एक गुरुजी दिवाळी अंकाचं काम बघतात. टाके दाखवायला आले तेव्हा मला म्हणाले, "मावशी, शुद्धीवर येताना पहिला आवाज तुमचा ऐकला मी. तुमच्या कामाबद्दल लिहून द्या." मी म्हटलं, माझी शाळा सातवीत सुटली, मी काय लिहिणार. ते म्हणाले, "शाळा सुटली, लिहिणं कुठं सुटलं?" ते मात्र खरं आहे. कागदावर मी रोजच लिहिते. कुणी किती मिनिटांनी डोळे उघडले, कुणाला उलटी झाली, कुणाला थंडी वाजली. तेवढंच येतं, म्हणून त्याच्याबद्दलच लिहिते. चुकलं तर गुरुजींनी दुरुस्त करावं.

माझं गाव भंडारा जिल्ह्यात, लाखांदूरकडं, वैनगंगेच्या काठी. पुढची शाळा नदीपलीकडं होती, म्हणून सातवीवर थांबले. आमचे हे नाशिकला सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये प्रेस मशीनवर होते, त्यांच्या मागं लग्न होऊन इकडं आले. गावाहून इथं यायचं म्हणजे आधी एसटी, मग रात्रभर रेल्वे. पहिल्या वर्षी मला इथली बोली कळायची, पण माझी इथल्या बायकांना कळायची नाही. मी 'का'च्या जागी 'काहून' म्हटलं की त्या हसायच्या. म्हणून मी कमी बोलायला लागले. पुढं पोट हाकेवरच भरणार आहे, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मीच हसले असते.

हॉस्पिटलात लागले ती फरशी पुसायला. मग थिएटरच्या कपड्यांच्या घड्या घालायला, मग ट्रॉली ढकलायला. घाबरट स्वभाव, त्यामुळं सांगितलेलं काम दोनदा तपासायची. ऑक्सिजनच्या सिलिंडरचा पाना जागेवर आहे का, सक्शनची बाटली रिकामी केली का. घरी बसमधून जाताना पुन्हा मनात तपासायची. इतर बायका म्हणायच्या, "हिला झोप तरी लागते का?" पण भूल देणाऱ्या आमच्या मॅडमना नेमकी तीच गोष्ट आवडली. एक दिवस त्या म्हणाल्या, "मावशी, तुम्ही उद्यापासून माझ्याकडं. मला घाबरणारी माणसं हवीत. न घाबरणारी माणसं या खोलीत नकोत." माझ्यासारखीचं भित्रेपण कुणाच्या उपयोगाचं असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. त्या दिवसाबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

आता बाहेरच्या माणसाला कळेल असं थोडं सांगते. ज्याला लोक दुर्बिणीचं ऑपरेशन म्हणतात, त्यात पोटाला तीन-चार बारीक भोकं पाडतात, आत वायू भरून पोट फुगवतात, एका भोकातून कॅमेरा जातो आणि सर्जन टीव्हीकडं बघत काम करतात. टाके बारीक, घरी लवकर सोडतात, म्हणून लोकांना वाटतं भूलही बारीकच असेल. तसं नसतं. पोट फुगलं की छातीवर दाब येतो, बीपी वरखाली होतं. म्हणून पेशंटला पूर्ण झोपवून श्वासाची नळी घालावी लागते. राहिलेल्या वायूमुळं नंतर खांदा दुखतो. दिंडोरीकडचे एक द्राक्षबागायतदार शुद्धीवर येऊन मला विचारत होते, "मावशी, खरं सांगा, टेबलावरून पाडलं ना मला? खांदा लय ठणकतोय. मी कुणाला सांगत नाय."

आणि भूल म्हणजे एकच औषध नव्हे. मी लागले तेव्हा एक पिवळट पूड असायची, पाण्यात कालवून द्यायची. ती शिरेत गेली की तोंडाला लसणाची चव यायची. एक आजी झोपता झोपता म्हणाल्या, "फोडणी करपली बघा." मग आलं ते दुधासारखं पांढरं. ते शिरेत जाताना हात चुरचुरतो, बीपी उतरतं, पण झोप पटकन आणि जाग स्वच्छ. उलट्याही कमी. आम्ही त्याला नुसतं 'दूध' म्हणतो. अजून एक आहे, त्यानं माणसाला चित्रविचित्र दिसतं. सातपूरच्या एका कामगारानं त्या औषधात माझा हात धरून विचारलं होतं, "सुपरवायझर गेला का? मग मशीन बंद करा."

आता मुख्य गोष्टीकडं येते.

नीलेश सर तेव्हा आमच्याकडं भुलीचं शिकायला होते. शिकणाऱ्या डॉक्टरांना परीक्षेआधी एक प्रबंध लिहावा लागतो. त्यांचा विषय असा: दुर्बिणीच्या ऑपरेशनला सगळ्यांना मूळ झोपेचं औषध ते पांढरंच द्यायचं, पण त्याच्या जोडीला शिरेतून जाणारी दोन औषधं आहेत, दोन्ही पाण्यासारखी दिसणारी. एक दुखणं मारणारं, एक नाडी शांत ठेवणारं. त्यातलं कुठलं दिलं की पेशंट लवकर आणि सुखानं जागा होतो, ते बघायचं. पेशंटला आधी सगळं समजावून, सही घेऊन. पिचकारीवर नुसतं 'अ' किंवा 'ब'. ती भरायचे दुसरेच डॉक्टर, आणि कशात काय आहे ते मॅडमच्या कपाटातल्या बंद पाकिटात. सरांना माहीत नाही, मला तर नाहीच.

"बघणाऱ्याला माहीत असलं की डोळे आपल्याला हवं ते बघतात," मॅडम म्हणाल्या.

आणि औषध सोडणारा पंप बंद झाल्यावर हाक मारायचं काम मला दिलं. कारण मॅडमचं म्हणणं होतं, प्रत्येक पेशंटला एकच आवाज, एकच शब्द, ठरलेल्या अंतरानं. आज सिस्टर, उद्या वॉर्डबॉय असं चालणार नाही. केसपेपरवरचं नाव घ्यायचं आणि म्हणायचं, "अमुक अमुक, डोळे उघडा." हलवायचं नाही, गालाला हात लावायचा नाही. डोळे उघडले की घड्याळ बघून मिनिटं लिहायची.

ऑफिसातले एक साहेब माझ्यादेखत म्हणाले, "सातवी पास बाईच्या हातात घड्याळ देताय, मॅडम?"

मॅडमनी मान वर न करता सांगितलं, "साठपर्यंत येतं त्यांना. मला तेवढंच लागतं."

मी आठवडाभर घरी सराव केला. आमचे हे दुपारच्या झोपेत असायचे, मी बाजूला घड्याळ धरून हाका मारायची. ते डोळे न उघडता म्हणायचे, "लिही, पेशंट वारला."

काम सुरू झालं. मला आवडायला लागलं. देवळाली कॅम्पातले एक निवृत्त जवान होते. डोळे उघडल्यावर पुढचा प्रश्न असतो, तुमचं नाव काय. त्यांनी आधी आपला फौजेतला नंबर सांगितला, अख्खा, एक आकडा न चुकता, मग नाव. सर म्हणाले, "मावशी, यांचं लिहा, पूर्ण शुद्धीत. माझ्यापेक्षा जास्त." माझ्या अक्षरातले कागद त्या फाइलीत साठायला लागले. त्या फाइलीवर माझं नाव नव्हतं, पण मला ती माझीच वाटायची.

मग सुनीताबाई आल्या. कागदावर सुनीता. आदल्या संध्याकाळी वॉर्डात त्यांची बहीण त्यांना 'बेबी' म्हणत होती, ते मी ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी टेबलावर पंप बंद झाला. मी हाक मारली, "सुनीता, डोळे उघडा." नाही. पुन्हा मारली. नाही. तिसऱ्या वेळी माझ्या तोंडून आपोआप निघालं, "बेबीताई, उठता का?" आणि त्यांनी टक्क डोळे उघडले. सर तेव्हा पाठमोरे होते, सर्जनशी बोलत होते. मी घड्याळ बघितलं आणि मिनिटं लिहिली. आकडा खरा होता, पण हाक ठरलेली नव्हती.

मला ते टोचलं. पण मी गप्प बसले. मनात म्हटलं, एकच तर कागद आहे. खरं कारण वेगळं होतं. सांगितलं तर ऑफिसातले साहेब म्हणतील, बघा, आम्ही सांगत होतो. घड्याळ जाईल, मी परत फरशीवर. फरशीची लाज नाही, पण ती फाइल जाईल याची भीती होती.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी विमलबाई आल्या. दिंडोरीच्या बाजूच्या, द्राक्षाच्या मळ्यात छाटणीच्या कामाला जाणाऱ्या. हाताला कात्रीचे घट्टे. पित्तात खडे. बरोबर त्यांची आई आली होती, नवरा कामावर होता. ऑपरेशन छान झालं. पंप बंद झाला. मी सुरू केलं, "विमल, डोळे उघडा."

काही नाही. श्वास चांगला, नाडी चांगली. खोकला आला, नळी काढली. डोळे मिटलेलेच. मी ठरल्याप्रमाणं हाका मारत राहिले. पाच मिनिटं झाली, आठ झाली, दहा झाली. सरांच्या कपाळावर टोपीखाली घाम. मॅडमनी साखर तपासली, डोळ्यात बॅटरी मारून बघितली, सगळं ठीक. त्या म्हणाल्या, "घाई करू नका. श्वास घेतेय ना? मग आपणही घेऊ." ट्रॉली रिकव्हरीच्या खोलीकडं घेतली, मॅडम सोबत. मी चालता चालता मिनिटं मोजतेय. हा आकडा इतका मोठा होत चालला होता की माझ्या रकान्यात बसेना.

रिकव्हरीचं दार उघडलं तशी त्यांची आई दाराशी उभी. लेकीचा चेहरा बघून म्हातारीचा धीर सुटला. सिस्टर अडवायच्या आत ती आत आली आणि म्हणाली, "काशे. ए काशे. उठ ना गं माय, उन्हं आली अंगावर."

बाईंनी डोळे उघडले. नुसते उघडले नाहीत, हात टेकून उठायलाच लागल्या. सिस्टर आणि मी, दोघींनी धरून पुन्हा झोपवलं.

सर म्हातारीकडं बघत राहिले. "आजी, काशी कोण?"

"हीच की. माझी काशी."

"मग विमल?"

"ते सासरचं. लग्नात ठेवलेलं. आधारकार्डावर हाय."

"सासरी विमल म्हणतात ना?"

"कोण म्हणतंय? सासू व्हती तवर म्हणायची, ती जाऊन लय वर्षं झाली. पोरं आई म्हणतात, मळ्यातल्या बाया काशीबाई म्हणतात."

"आणि नवरा?"

"त्यो कुठं हाक मारतोय," म्हातारी म्हणाली. "त्यो खाकरतो."

मॅडम आधी हसल्या. मग सर हसले. सिस्टरही हसल्या. मी हसू शकले नाही, कारण माझ्या डोक्यात तोवर ती फाइल उघडली होती. लताबाई उशिरा जाग्या झाल्या होत्या. मंगलबाईंना किती हाका माराव्या लागल्या होत्या. यातल्या किती जणींना मी परक्या बाईच्या नावानं हाका मारत होते? आणि त्या उशिराचं खापर सर 'अ' नाही तर 'ब'वर फोडणार होते. उद्या त्या प्रबंधावरून कुणी डॉक्टर ठरवणार, हे औषध बायकांना जड जातं. औषधाचा दोष काहीच नसेल.

आणि हे मला कळायला हवं होतं, सगळ्यांच्या आधी मला. कारण माझंही तेच आहे. आईवडिलांनी माझं नाव इंदू ठेवलं. सासरी आले तर मोठ्या नणंदेचं नावही इंदू. एका घरात दोन इंदू कशा, म्हणून मला शोभा केलं. त्यात रागावण्यासारखं काही नव्हतं, सोयीचं होतं. कागदावर शोभा, हॉस्पिटलात मावशी, पोरांची आई. इंदू म्हणून हाक मारणारी फक्त माझी आई उरली होती. फोन उचलला की तिचा पहिला प्रश्न, "इंदू, जेवली का व?" ती हाक ऐकली की मी बसमध्ये असले तरी आमच्या परड्यात उभी असायची. ज्या बाईला हे माहीत आहे, तिला टेबलावरच्या बायकांचं सुचू नये? मला उलट सुनीताबाईंच्या वेळी सुचलं होतं. आणि मी ते दाबून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी थिएटर सुरू व्हायच्या आधी मॅडम आणि सर चहा घेत होते. मी कप विसळायच्या निमित्तानं तिथंच रेंगाळले. तीनदा कप विसळला.

मॅडम म्हणाल्या, "मावशी, कपाचा रंग जाईल. बोला."

मी सांगितलं. सुनीताबाईंचं आधी, कारण तेच अवघड होतं. मग लताबाई, मंगलबाई. सरांचा कप हातातच राहिला.

"मावशी, हे आता सांगताय? निम्म्याहून जास्त पेशंट झालेत माझे."

"हो."

"तेव्हाच सांगायला काय झालं होतं?"

"भीती वाटली."

"कशाची? मी खातो का तुम्हाला?"

मॅडम सरांना म्हणाल्या, "अरे, त्या घाबरल्या म्हणून गप्प बसल्या आणि घाबरल्या म्हणूनच आज बोलल्या. तू घाबरत नाहीस, म्हणून आपण नाव कुठलं घेतोय हे एकदाही विचारलं नाहीस. मीही नाही विचारलं. इतकी वर्षं भूल देतेय, पेशंटला ॲलर्जी विचारते, दात हलतात का विचारते, घरी काय म्हणतात हे कधी विचारलं नाही."

सर म्हणाले, "पण मॅडम, कदाचित ती बाई त्या क्षणी जागी होणारच असेल. आईची हाक हा योगायोग असेल."

"असेल. पण हा 'कदाचित' तू प्रबंधात कुठं लिहिणार आहेस?"

मग माझ्याकडं वळून मॅडम म्हणाल्या, "घड्याळ काढून घेईन असं वाटलं ना? घ्यायलाच हवं होतं, सुनीताबाईंच्या दिवशी. आज नाही घेत. पण इथून पुढं जे झालं तसंच लिहायचं. चुकलं तर चुकलं म्हणून लिहायचं."

मग काम निघालं ते माझ्याच वाट्याला. फाइलीतल्या प्रत्येक पेशंटच्या घरी फोन करून विचारायचं, तुम्हाला घरात काय म्हणतात. सरांनी एका बाजूला बसून यादी धरली. ते तीन दिवस मी विसरणार नाही. एका घरी नवऱ्यानं उचलला. मी विचारलं, "तुमच्या मिसेसना घरी काय नावानं हाक मारता?" तो म्हणाला, "कोण बोलतंय? कशाला पाहिजे?" सगळं समजावलं, तेव्हा लांबून ओरडला, "अगं ए, तुझं नाव काय विचारतायत बघ." सरांनी कपाळाला हात लावला आणि यादीत लिहिलं: 'अगं ए'. मी म्हटलं, सर, हे नका लिहू. ते म्हणाले, "मॅडम म्हणाल्यात ना, जे झालं तसं."

एक बाई म्हणाल्या, "का हो, ऑपरेशनमध्ये काही राहिलंय का आत?" एकीनं माहेरचं नाव सांगितलं. मग म्हणाली, "बऱ्याच दिवसांनी कुणी विचारलं." फोन ठेवल्यावर सर खिडकीबाहेर बघत होते. त्यांच्या आवाजातला राग त्या फोननंतर गेला, असं मला वाटतं. पुरुषांतही दोघं निघाले, एक कागदावर ज्ञानेश्वर आणि घरी नाना, एक नुसता बापू. पण बायका कितीतरी जास्त.

ज्यांचं नाव जुळलं नाही त्यांचे कागद बाजूला ठेवले. फेकले नाहीत, वेगळे बांधले. तेवढे पेशंट पुन्हा नव्यानं घ्यावे लागले. त्यासाठी आधी वरची परवानगी, नवा अर्ज. सरांचा प्रबंध पुढं गेला, परीक्षाही. त्यांचं लग्न ठरलेलं होतं, तेही पुढं ढकललं. ते मला एका शब्दानं बोलले नाहीत, पण मला माहीत होतं. त्या मुलीला मी लग्नात बघितलं तेव्हा तिच्याशी बोलायला मला धीर होईना. तीच पुढं येऊन म्हणाली, "तुम्हीच ना त्या हाक मारणाऱ्या मावशी? मला माझ्या माहेरच्याच नावानं हाक मारा, मी बदलणार नाहीये." सर म्हणाले, "बघा, तुमच्यामुळं."

त्या दिवसापासून आमच्या भुलीच्या फॉर्मवर एक नवा रकाना आहे. वजनाच्या खाली, ॲलर्जीच्या वर: 'घरात कोणत्या नावाने हाक मारतात?' पहिला कागद मॅडमनी हातानं आखला, नंतर छापून घेतला. आदल्या दिवशी वॉर्डात जाऊन तो मी भरते. बायका आधी लाजतात, मग सांगतात. कुणी म्हणतं चिमणी, कुणी ताराबाई, कुणी आक्का. त्या रकान्यावर माझं नाव नाही, पण तो माझा आहे.

लोक विचारतात, मग कुठलं औषध जिंकलं? मी सरांना विचारलं होतं. ते म्हणाले, एकानं जाग जरा लवकर येते, दुसऱ्यानं जरा शांत येते, दुखत कमी. ज्याचं हृदय नाजूक त्याला एक, ज्याला उलट्यांचा त्रास त्याला दुसरं, आणि ज्याला दोन्ही, त्याचं मॅडमनी ठरवायचं. मी म्हटलं, म्हणजे इतकं करून उत्तर 'बघून ठरवा'? सर म्हणाले, "हो. पण आता कुठं बघायचं ते माहीत झालं."

माझी आई दोन वर्षांपूर्वी गेली. फोन आला तेव्हा मी रिकव्हरीत होते. गाडी मिळून गावी पोचेस्तोवर सगळं उरकलं होतं. लांब राहणाऱ्यांचं असंच होतं, त्याची तक्रार कुणाकडं करणार. फक्त एक खंत राहिली. इतक्या लोकांना हाका मारल्या मी, तिला शेवटची मारायला नव्हते. आणि ती गेल्यावर 'इंदू' म्हणणारं कुणी राहिलं नाही. फोनची घंटी वाजली की अजूनही क्षणभर कान तयार होतात.

यंदा उन्हाळ्यात माझ्याच पित्तात खडे निघाले. मी घाबरायची ती घाबरलेच. मला सगळं माहीत होतं ना, म्हणून जास्त. मॅडम आता निवृत्त झाल्यात, पण माझ्यासाठी त्या दिवशी आल्या. भूल नीलेश सरांनी दिली, ते आता आमच्याकडंच मोठे डॉक्टर आहेत. आदल्या दिवशी माझा फॉर्म भरायला मॅडम स्वतः पलंगापाशी बसल्या. वजन, साखर, दात. मग त्या रकान्यावर पेन ठेवून त्यांनी विचारलं, "कुठल्या नावानं हाक मारू?"

जो प्रश्न मी रोज विचारते, त्याचं उत्तर मला येईना. शोभा म्हणावं तर ते रेशनकार्डाचं. मावशी म्हणावं तर ते कामाचं. आमचे हे शेजारी उभे होते. ते मला इतकी वर्षं 'ऐकलंस का' म्हणतात. तेच म्हणाले, "इंदू लिहा, मॅडम. आई तीच हाक मारायची." मला वाटलं होतं, यांच्या ते लक्षातही नसेल.

पुढचं मला आठवत नाही. हात चुरचुरला आणि दूध आलं एवढं कळलं. नंतरचं सगळं सिस्टरनी सांगितलं, आणि त्या खोटं बोलणाऱ्या नाहीत. पंप बंद झाला. घड्याळ सरांच्या हातात, कारण ते धरणारी टेबलावर होती. मॅडमनी वाकून हाक मारली, "इंदू, डोळे उघड." मी उघडले. नळी काढली. सरांनी ठरलेला प्रश्न विचारला, "तुमचं नाव काय?"

मी नाव सांगितलंच नाही म्हणे. मी विचारलं, "किती हाका लागल्या?"

"एक," सर म्हणाले. "पहिल्याच हाकेला, मावशी."

"मग तसं लिहा," मी म्हटलं, आणि परत झोपले.